विचारा की! : विद्यापीठातले जानेवारी ते मार्च

सत्र परीक्षा आटोपल्या की विद्यापीठांत कार्यक्रमांचा हंगाम लागतो आणि या सदराचं टपाल फुगतं. यावेळची बहुतेक पत्रं पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या हद्दीतली आहेत, एक कऱ्हाडचं, एक खानदेशातलं. बहुतेकांना कुणाची तरी परवानगी हवी आहे. ‘आम्हाला येऊ देतील का’, ‘आम्हाला चालेल का’, ‘आम्ही कोण विचारणारे’. मी तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि दुसरं कुणी तयार होत नव्हतं म्हणून विद्यार्थी कल्याण अधिकारीही होते. त्या खुर्चीत बसून एवढं कळलं, की सभागृहातल्या मागच्या चार रांगा भरतील का, ही चिंता आयोजकाला तुमच्या संकोचापेक्षा फार मोठी असते.

मी औंधला राहतो, बँकेतून निवृत्त झालो. विद्यापीठाच्या आवारात रोज फिरायला जातो. पण तिथली व्याख्यानं, नाटकं, गाणं याला बाहेरच्या माणसानं जावं का? आमंत्रण कुठून मिळवायचं?
— एक वाचक, पुणे

जा, खुशाल जा. सार्वजनिक व्याख्यानाच्या दारात कुणी पदवी विचारत नाही, फार तर वहीत नाव-गाव लिहायला लावतात. फाटकावर विचारलंच तर विभागाचं आणि कार्यक्रमाचं नाव सांगा. ‘असंच आलोय’ म्हटलं की सुरक्षारक्षकाची पंचाईत होते.

निम्म्या तारखा दरवर्षी त्याच असतात, त्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती; विद्यापीठाला त्यांचं नाव २०१४ साली मिळालं. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. १० फेब्रुवारीला वर्धापनदिन. १९४९ मध्ये विद्यापीठ निघालं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. त्या दिवशी जीवनसाधना गौरव पुरस्कार देतात. २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, त्याच्या दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन.

माझी शिफारस मात्र या दिवसांची नाही. नेमलेल्या दिवसाचा कार्यक्रम पुष्कळदा नेमल्यासारखाच होतो: दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, आणि वक्त्याच्या वाट्याला उरलेली वीस मिनिटं. तुम्ही ललित कला केंद्रावर नजर ठेवा. १९८७ साली सुरू झालेलं हे केंद्र संगीत, नृत्य आणि नाट्य गुरुकुल पद्धतीनं शिकवतं. तिथल्या मुलांचे प्रयोग नामदेव सभागृहात आणि अंगणमंचावर होतात. दुसरं सत्र संपत आलं की परीक्षेचे प्रयोग लागतात. परीक्षक समोर वही घेऊन बसलेले, नट विशीतला, भूमिका साठीतल्या माणसाची. कधी फसतं, कधी अंगावर काटा येतो. व्यावसायिक नाटकाला हजार रुपये मोजूनही हा थरार मिळेलच असं नाही. अंगणमंच उघड्यावर आहे. संध्याकाळी डास असतात, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

जाहिरात वर्तमानपत्रात येईल म्हणून थांबू नका. विभागाच्या दाराशेजारच्या फलकावर ए-फोर कागद लावलेला असतो, तीच पत्रिका. रोज फिरायला जाताच, तर आठवड्यातून एकदा फेरी ललित कला केंद्र, मराठी विभाग आणि जयकर ग्रंथालय अशी वळवा.

वाटेत मुख्य इमारत लागेल. ती मुळात मुंबईच्या गव्हर्नरचा वाडा. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव इथेच साजरा झाला आणि तो आटोपून परतणाऱ्या रँडला चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गाठलं. या आवारातल्या समारंभांचा इतिहास असा जोरदार आहे!

ज्यांना पुणं लांब पडतं त्यांच्यासाठी: विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळातर्फे कॉलेजांमध्ये जयकर व्याख्यानमाला होतात. त्या गावातल्या नागरिकांसाठीच असतात. प्राध्यापक पहिल्या रांगेत आणि एनएसएसची मुलं बाकीच्या रांगांत बसवून त्या उरकल्या जातात, कारण गावातलं कुणी येत नाही. आपल्या कॉलेजात जाऊन ‘यंदा कधी?’ एवढं विचारा.

जिल्हा युवा महोत्सवात सुगम गायनात मी मराठी चित्रपटातलं गाणं म्हटलं. टाळ्या खूप पडल्या, नंबर आला नाही. मैत्रीण म्हणते चित्रपटगीत चालतच नाही. खरं का? आमच्या मूकनाट्याचेही वेळेसाठी गुण कापले.
— बी. कॉम. द्वितीय वर्ष, कऱ्हाड

मैत्रिणीचं बरोबर आहे. विद्यापीठांचे युवा महोत्सव भारतीय विश्वविद्यालय संघाच्या नियमांच्या साच्यात बसवलेले असतात, कारण तुम्ही साताऱ्याहून शिवाजी विद्यापीठाच्या मध्यवर्ती महोत्सवात, तिथून पश्चिम विभागात आणि तिथून राष्ट्रीय महोत्सवात जाणार, अशी अपेक्षा असते. (पहिला राष्ट्रीय महोत्सव १९५४ साली दिल्लीच्या तालकटोरा बागेत झाला.) राज्यातल्या विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ वेगळा, तो राज्यपाल म्हणजे कुलपतींच्या पुढाकारानं होतो. त्याचेही कलाप्रकार बव्हंशी तेच.

सुगम गायनाला चार ते सहा मिनिटं, साथीला जास्तीत जास्त दोघं आणि चित्रपटगीत नाही. भावगीत, अभंग, गझल, भजन चालतं. इथे दोन ठिकाणी मुलं हमखास अडकतात. पहिलं, आपण ज्याला लहानपणापासून भावगीत समजत आलो ते चित्रपटातलं निघतं, आणि अभंगाचंही तसंच होतं. गाणं निवडलंस की ते मूळ कुठलं हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचार आणि मग ध्वनिमुद्रिकेच्या माहितीशी ताडून बघ.

दुसरं जास्त महत्त्वाचं. जुनी भावगीतं ज्या तबकड्यांवर निघाली त्यांची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची असे. गाणं तेवढ्यात बसवलेलं असतं. तू ते रेकॉर्डबरहुकूम म्हटलंस तर चार मिनिटं भरतच नाहीत. मग मुली घाबरून ध्रुवपद चारचारदा म्हणतात, ते कानाला लगेच कळतं. त्यापेक्षा सुरुवातीला छोटा आलाप घे, रेकॉर्डमध्ये गाळलेलं एखादं कडवं मूळ कवितेत असेल तर ते चालीत बसव आणि शेवटच्या अंतऱ्यात एका ओळीचा विस्तार कर. पाच मिनिटं सहज होतील, आणि गाणं तुझं होईल. पेटी-तबल्याला तुझ्याच कॉलेजातली मुलं असतील तर आतापासून बसा. करावकेच्या ट्रॅकवर तयारी केलेली मुलगी तबलजीनं जरा लय बदलली की भांबावते.

मूकनाट्याला पाच मिनिटं आणि सहा जण. म्हणजे तालमीत ते साडेचार मिनिटांत संपलं पाहिजे, कारण प्रेक्षक हसले की तुम्ही थांबता. लघुनाटिकेला दहा मिनिटं, तेही सहा जणांत. लोकनृत्याला आठ ते दहा मिनिटं, दहा नर्तक, पाच साथीदार. घड्याळ नेमकं कधी सुरू होतं, पडदा उघडल्यावर की पहिल्या ठेक्यावर, हे रंगमंच व्यवस्थापकाला आदल्या दिवशी विचारायचं. विचारणाऱ्या संघाचा कुणाला राग येत नाही. वय पंचविशीच्या आत असण्याची अट आहे, ती तुला अजून आड येत नाही. पण तुमच्या ढोलकीवाल्याचं वय तपास. दरवर्षी कुठल्या तरी संघाचा ढोलकीवाला ‘माजी विद्यार्थी’ निघतोच! आणि पुढच्या वर्षीची नियमपुस्तिका आली की हे आकडे पुन्हा एकदा पडताळून घे.

मुलगी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. तिला ‘आविष्कार’मध्ये भाग घ्यायचा आहे. विषय घेतलाय ‘जागतिक तापमानवाढ : कारणे व उपाय’. मॉडेल करावंच लागतं का? खर्च किती येईल?
— एक आई, संगमनेर

ताई, खर्चाची काळजी नंतर करू, आधी तो विषय बदला.

‘आविष्कार’ ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा, २००६ पासून चालू आहे. निबंधस्पर्धा नव्हे. कॉलेज, जिल्हा, विद्यापीठ आणि मग राज्य, अशा पायऱ्या. मानव्यविद्या-भाषा-ललित कला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, शुद्ध विज्ञान, शेती-पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, औषधशास्त्र-वैद्यक असे गट, आणि पदवी, पदव्युत्तर, त्यापुढचे संशोधक असे स्तर. म्हणजे तुमच्या मुलीची गाठ पीएचडी करणाऱ्यांशी पडणार नाही. ती दडपणाखाली असेल तर हे तिला आधी सांगा.

तापमानवाढीची कारणं परीक्षकाला पाठ असतात. त्यानं एका दुपारी ध्रुवीय अस्वलाची चित्रं असलेली सात-आठ पोस्टरं बघितलेली असतात. नवव्यापाशी तो थांबेल कशाला?

तिनं काय करावं? संगमनेरला एका बाजूला प्रवरेचं पाणी आहे आणि दुसऱ्या बाजूला पठार भाग. नदीकाठच्या काही विहिरी आणि पठारावरच्या काही विहिरी निवडायच्या, पाण्याचा कठीणपणा मोजायचा. ईडीटीएचं अनुमापन ती प्रयोगशाळेत शिकली असेल. ब्युरेट, निर्देशक आणि संयम, बाकी काही लागत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. तिच्या विहिरी कुठे बसतात? जानेवारीत आणि मे महिन्यात तोच आकडा येतो का? घराघरांत डाळ शिजायला वेळ लागतो म्हणून बायका सोडा घालतात, त्याची नोंद शेजारी ठेवता येईल. मे महिन्यातले आकडे हाती असतील तर पुढच्या फेरीला ती नुसतं वाचून आलेल्यांच्या बरीच पुढे असेल. अमुक एकच विषय घ्या असा माझा आग्रह नाही. पण प्रश्न एवढा छोटा हवा की तो तिला स्वतःच्या हातानं मोजता यावा.

परीक्षक फिरून फिरून तेच विचारतात. नमुना कुठून, कसा घेतला? प्रत्येक नमुना किती वेळा तपासला? यातलं तू स्वतः काय केलंस? तिसऱ्या प्रश्नाला ‘सरांनी सांगितलं’ हे उत्तर आलं की संपलं.

मॉडेल सक्तीचं नाही. पोस्टर साधारण मीटर बाय मीटर. त्यावर आलेख मोठा आणि मजकूर थोडा, चार फुटांवरून वाचता आला पाहिजे. फ्लेक्स छापण्याआधी त्याच मापाच्या साध्या कागदावर सगळं हातानं लिहून भिंतीला लावा. शुद्धलेखन तेव्हाच दिसतं. छापल्यावर दिसतं ते फक्त परीक्षकांना. तुम्ही स्पर्धेला बरोबर जाणार असाल तर जरूर जा, डबाही न्या. पोस्टरपासून मात्र दूर उभ्या राहा. लेकीच्या आधी उत्तर देणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत.

आमच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या चाळीस मुलांना २८ फेब्रुवारीला पुण्याला विद्यापीठातली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था दाखवायला न्यायचं आहे. गर्दी असते म्हणतात. कसं नियोजन करावं?
— विज्ञान शिक्षक, जुन्नर तालुका

सर, तुम्ही जुन्नर तालुक्यातले, आणि २८ फेब्रुवारीला पुण्याला निघालात? त्या दिवसांत पुण्याची माणसं खोडदला येतात!

नारायणगावजवळच्या खोडदला महाकाय मीटर-तरंगलांबी रेडिओ दुर्बीण आहे, आपली जीएमआरटी. ती चालवणाऱ्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचं मुख्य कार्यालय पुणे विद्यापीठाच्याच आवारात आहे, म्हणजे विषय सोडून मी भरकटलेले नाही. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ खोडदच्या मध्यवर्ती भागात आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर पसरलेल्या; सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. विज्ञान दिनाला जोडून तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं, आसपासच्या शाळा-कॉलेजांचे प्रकल्प मांडलेले असतात, शास्त्रज्ञ मुलांशी बोलायला उभे असतात. तुमच्या मुलांनी नुसतं बघायला कशाला जावं? एखादा प्रकल्प घेऊन जा. त्यासाठी जानेवारीतच खोडदला विचारणा करा.

नेण्याआधी वर्गात एक प्रश्न टाका. ही तबकडी तारांच्या जाळीची आहे, तिच्यातून आकाश आरपार दिसतं. मग रेडिओ लहरी तिच्यातून निसटून का जात नाहीत? दोन दिवस उत्तर सांगू नका. लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा पुष्कळ मोठी, म्हणून लहरीला ती जाळी भिंतच वाटते. हायड्रोजनची प्रसिद्ध लहरच २१ सेंटिमीटरची आहे. भरीव पत्रा टाळून जाळी वापरल्यानं तबकडी हलकी झाली, वारा आरपार जाऊ लागला आणि खर्चही आवाक्यात आला. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेचं मर्म तिथे आहे. हा प्रश्न डोक्यात घेऊन गेलेली मुलं तबकडीखाली उभी राहून वर बघतात. नाहीतर सेल्फी काढतात. आणि मोबाइल तिथे बंद ठेवायचे. दूरच्या आकाशगंगेचा क्षीण संकेत ऐकायला बसलेल्या यंत्राशेजारी चाळीस फोन म्हणजे कीर्तनात फटाके.

‘आयुका’ वेगळ्या एखाद्या दिवशी, गर्दी नसताना. तिथे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होतात. शाळेचं पत्र देऊन जागा धरा. इमारत वास्तुकार चार्ल्स कोरियांची आहे. आत कुंडाच्या चार बाजूंना आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. तिथला फुकोचा लंबक मुलं येताना एकदा आणि जाताना एकदा बघतील असं करा. पुण्याच्या अक्षांशावर त्याच्या झोक्याची दिशा तासाला पाच अंशांहून जरा कमी वळते, पूर्ण फेरीला सुमारे ७५ तास लागतात. दोन तासांच्या व्याख्यानानंतर नऊ-साडेनऊ अंशांचा फरक पडलेला असेल. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचलेलं तिथे जमिनीवर मोजता येतं. उत्तर ध्रुवावर हाच लंबक दिवसात फेरी पुरी करेल, आणि विषुववृत्तावर? बसमध्ये परतताना विचारा.

गाडीसाठी एसटीच्या आगारात प्रासंगिक कराराची चौकशी करा, शैक्षणिक सहलीला सवलत असते. फेब्रुवारीअखेर खोडदच्या माळावर ऊन चांगलंच लागतं. टोप्या.

आईनं १९७४ साली चाळीसगावच्या कॉलेजातून बी. ए. केलं. गुणपत्रिका आहे, पदवी प्रमाणपत्र कधी घेतलंच नाही, लग्न झालं आणि राहून गेलं. आता तिला दीक्षान्त समारंभात पदवी घ्यायची इच्छा आहे. अर्ज जळगावला करायचा की पुण्याला?
— एक मुलगा, चाळीसगाव

पुण्याला. जळगावचं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालं; त्याआधी खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाकडे होती. (सोलापूरच्या वाचकांनीही असाच हिशेब करावा. १९६२ पूर्वीची पदवी असेल तर पुणे, तिथून २००४ पर्यंतची कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, त्यापुढची सोलापूर.)

जुन्या वर्षांत उत्तीर्ण झालेल्यांनाही पदवीचा अर्ज करता येतो, शुल्क थोडं जास्त पडतं. गुणपत्रिकेवरचा बैठक क्रमांक, परीक्षेचा महिना आणि वर्ष जपून ठेवा, सगळी शोधाशोध त्यावरच होते. गुणपत्रिका हरवली असती तरी कॉलेजच्या जनरल रजिस्टरपासून सुरुवात करता आली असती. प्रमाणपत्रावर गुणपत्रिकेतलंच नाव येईल, म्हणजे माहेरचं. आईंना आधी सांगून ठेवा. काहींना त्याचा आनंद होतो, काही रुसतात. लग्नानंतरच्या नावाचा पुरावा सोबत असू द्या.

मुख्य समारंभात व्यासपीठावर बहुधा सुवर्णपदकवाले आणि पीएचडीवालेच जातात, बाकीच्यांना प्रमाणपत्र खाली किंवा टपालानं मिळतं. आईंना कुणाच्या तरी हातून, चार लोकांसमोर ते घ्यायचं असेल तर प्रमाणपत्र आल्यावर त्यांच्या चाळीसगावच्या कॉलेजात प्राचार्यांना भेटा. कॉलेजांतही आता पदवी वितरण समारंभ होतात. पन्नास वर्षांनी पदवी घ्यायला आलेली विद्यार्थिनी कुठल्या प्राचार्यांना नको असेल? फोटोग्राफर तेच बोलावतील.

मुलगा सारखा तालमीत असतो. या महोत्सवांमुळे अभ्यासाचं वाटोळं होतं असं तुम्हाला वाटत नाही का?
— एक वडील, नाशिक

कधीकधी होतं. तालीम रात्री अकराला संपत असेल तर दिग्दर्शकाला फोन करा, मुलाला नव्हे. नव्या शैक्षणिक धोरणात कला, क्रीडा, एनएसएस यांना सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक आहेत. कॉलेजात त्याची रीतसर नोंद झाली आहे का आणि तालमीच्या दिवसांचं हजेरीपत्र विभागप्रमुखांकडे पोचलं आहे का, एवढं पाहा. बाकी, नाटकातून काढल्यावर तो त्या वेळात अभ्यासच करेल हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

मी वाङ्मय मंडळाची सचिव आहे. गेल्या वर्षी पाहुणे दीड तास बोलले आणि अर्धी मुलं उठून गेली. यंदा २७ फेब्रुवारीला कवी बोलवायचा आहे. काय काळजी घेऊ?
— विद्यार्थिनी, अहिल्यानगर

२७ फेब्रुवारी ही कुसुमाग्रजांची जयंती. त्या दिवशी महाराष्ट्रातला प्रत्येक कवी कुठे ना कुठे गेलेला असतो, आणि जो मोकळा असतो त्याच्याबद्दल मला जरा शंका येते. तू २५ तारीख धर किंवा सरळ मार्चचा पहिला आठवडा. कवी चांगला मिळेल आणि घाईत नसेल.

पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिही: चाळीस मिनिटं, मानधन किती, प्रवासखर्च कोण देणार. मानधनाचं लिहायला मुलांना लाज वाटते. मग कार्यक्रमानंतर कवी पार्किंगमध्ये रेंगाळतो आणि सचिव लपते. प्राचार्यांकडून रक्कम आधी मंजूर करून घे, पाकीट तयार ठेव. कविता वाचून झाल्या की मुलांनी आपल्या दोन-दोन कविता वाचाव्यात आणि कवीनं ऐकाव्यात, असं ठेवलंस तर कुणी उठून जाणार नाही, कारण प्रत्येकाचा मित्र व्यासपीठावर असेल. सत्कार एकच. शाल नको, उन्हाळा आलेला असतो. आणि ध्वनिक्षेपकवाल्याला आदल्या संध्याकाळी बोलावून मागच्या भिंतीपर्यंत आवाज ऐकून घे. ‘हॅलो माइक टेस्टिंग’ कवीसमोर व्हायला नको.